ढगातल्या स्कॉटिश डोंगरांवर एकट्याने एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लासगो-एडिनबराला शिकायला आलेली मुलं आणि पुण्या-मुंबईकडून सुट्टीत येणारी ट्रेकर मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मे अखेर ते सप्टेंबर या काळातल्या, सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या चालीबद्दलची आहेत. बर्फाचं वेगळं, ते प्रश्न १३ मध्ये.

१. मी भर पावसाळ्यात सह्याद्रीत फिरलोय. कळसूबाई तर इथल्या सगळ्यात उंच डोंगरापेक्षा, बेन नेव्हिसपेक्षा, उंच आहे. मग इथे एवढं घाबरायचं काय?

उंचीचं बरोबर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, बेन नेव्हिस १,३४५. पण बेन नेव्हिसची वाट जवळजवळ समुद्रसपाटीलाच सुरू होते, त्यामुळे पायाखाली येणारा चढ १,३०० मीटरच्या वर जातो. तरी खरा फरक चढाचा नाही, थंडीचा आहे. जुलैचा पाऊस अंगावर घेत दिवसभर राजमाची केलीत तर फार तर सर्दी होईल. इथे त्याच जुलैत माथ्यावर पाच-सहा अंश तापमान असू शकतं, त्यात वारा. भिजलेला माणूस थांबला की तासाभरात थरथरायला लागतो, आणि थरथर वाढली की डोकं नीट चालत नाही. एकट्या माणसाला हे सगळ्यात महागात पडतं, कारण 'तू काहीतरीच बोलतोयस' असं सांगायला शेजारी कोणी नसतं.

दुसरं म्हणजे वाटेत वाडी नाही, धनगराचा झाप नाही, 'मामा, वाट कुठली?' असं विचारायला माणूस नाही. कातळावर रंगवलेले बाण नाहीत. झाडी खालीच संपते, वर आडोसा म्हणजे एखादा मोठा धोंडा. ओल्या दगडावर पाय कसा टाकायचा आणि घसाऱ्यावरून कसं उतरायचं हे मात्र तुम्हाला येतं, आणि ते इथे पुरेपूर कामाला येतं.

२. परवानगी, फी, गाईड, नोंदणी: काय लागतं?

काही नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने डोंगर-माळ खासगी मालकीचे असले तरी तिथून जबाबदारीने चालत जायचा हक्क सगळ्यांना दिलेला आहे. फाटक उघडलंत तर लावून घ्या, मेंढ्यांना पळवू नका, शौचाला जायची वेळ आली तर ओढ्या-तळ्यापासून किमान ३० मीटर लांब जा आणि पुरून टाका. गाडी लावायचे पैसे काही ठिकाणी पडतात. शिकारीच्या हंगामाचा अपवाद प्रश्न १७ मध्ये आहे.

३. सगळे 'मन्रो' म्हणतात ते काय?

३,००० फुटांच्या, म्हणजे ९१४.४ मीटरच्या वरचा स्कॉटिश डोंगर. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये पहिली यादी छापली. आज यादीत २८२ डोंगर आहेत. ही यादी पुरी करायच्या नादी लागलेल्यांची इथे कमी नाही. पहिल्याच महिन्यात तुम्ही त्या नादी लागू नका. यादीत खूण करायची म्हणून लोक नको त्या हवेत वर जातात.

४. गाडी नाही. पहिला डोंगर कुठला घेऊ?

पिटलॉख्रीला ट्रेनने उतरून बेन व्रॅकी (८४१ मीटर). मन्रो नाही, पण वाट जवळपास माथ्यापर्यंत स्पष्ट आहे आणि गावातून पायीच सुरुवात होते.

तो जमला की बेन डोरेन (१,०७६ मीटर). ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून फोर्ट विल्यमची गाडी पकडायची आणि सुमारे अडीच तासांनी ब्रिज ऑफ ऑर्कीला उतरायचं. डोंगर स्टेशनातूनच सुरू होतो. दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत, तेव्हा परतीचं वेळापत्रक आधी बघा. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हाच डोंगर उदाहरण म्हणून घेतला आहे.

गाडीवाला मित्र असेल तर शीहॅलियन (१,०८३ मीटर). १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलाइन यांनी याच डोंगराच्या आकर्षणाने ओळंबा किती कलतो ते मोजलं आणि त्यावरून पृथ्वीचं वजन काढलं गेलं. त्या आकडेमोडीत चार्ल्स हटन यांनी समान उंचीच्या रेषा वापरल्या, ज्या आज तुमच्या नकाशावर आहेत. खालची वाट उत्तम, पण शेवटचा मोठा टप्पा नुसत्या दगडांच्या राशीवरून आहे, आणि ढगात तिथे वाट म्हणून काही उरत नाही.

बेन नेव्हिस पहिला घेऊ नका. का, ते प्रश्न १५ मध्ये.

५. अंदाज कुठे बघायचा? फोनमधलं हवामानाचं अॅप 'ढगाळ' एवढंच सांगतं.

ते अॅप खालच्या गावाचं सांगतं. डोंगरासाठी 'माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस' आणि मेट ऑफिसचा डोंगरांचा अंदाज, दोन्ही फुकट आहेत. पहिल्यात मन्रोंचे माथे ढगाबाहेर असण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते, ढग साधारण किती उंचीवर बसेल तेही असतं. खिंड ७४० मीटरवर आणि ढग ६०० वर असेल, तर खिंडीतला फाटाच तुम्हाला दिसणार नाही, हे घरीच कळतं.

टक्केवारीपेक्षा वाऱ्याचा आकडा आधी वाचा. ताशी ४० मैलांच्या वाऱ्यात चालणं हीच कसरत होते, ५० च्या पुढे धारेवर उभं राहणं धोक्याचं. केर्नगॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ रोजी ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेला आहे. ढग आणि मंद वारा असेल तर शिकायला चांगला दिवस आहे. ढग आणि जोराचा वारा असेल तर एकट्याने खालच्या दरीत फिरा.

६. किती वेळ लागेल हे कसं काढायचं?

विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ चा ठोकताळा अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. बेन डोरेन एकटाच केला तर जाऊन-येऊन १०-११ किलोमीटर आणि ९०० मीटरच्या आसपास चढ, म्हणजे साडेतीन-पावणेचार तास. यात थांबणं, खाणं, नकाशा काढणं काही धरलेलं नाही. ढगात हाच दिवस साडेपाच-सहा तासांचा समजा.

निघायच्या आधी मागे फिरायची वेळ कागदावर लिहा. 'दीड वाजता जिथे असेन तिथून परत.' गटात कोणीतरी कुरकुर करतं, म्हणून गट वेळेवर फिरतो. एकट्यासाठी कुरकुर करायला हा कागदच आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून ढिलाई होते. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य गेलेला असतो.

७. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आहे. कागदाचा कशाला?

फोन घ्याच, मी त्याच्या विरोधात नाही. ढगात 'मी नेमका कुठे आहे' याचं उत्तर त्याच्याइतकं पटकन कोणी देत नाही. पण थंडीत बॅटरी झरझर उतरते, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि दगडावर एकदा पडला की खेळ संपला. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० किंवा १:५०,००० चा कागदी नकाशा, नाहीतर हार्वेचा पाण्याने न भिजणारा, गळ्यात किंवा खिशात हवा. तो सॅकच्या तळाशी असेल तर वाऱ्यात तुम्ही तो काढणार नाही. फोन विमान मोडवर ठेवा आणि पॉवर बँक कोरड्या पिशवीत.

८. भारतातून आणलेला कंपास चालेल का?

बहुधा अडखळेल. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इथे भारतापेक्षा बरंच तिरकं खाली शिरतं. कंपासच्या सुईचा तोल ती जिथे विकली जाते त्या पट्ट्यासाठी साधलेला असतो, त्यामुळे इथे तिचं एक टोक खाली वाकून तबकडीला घासू शकतं. इथलाच घ्या, पारदर्शक पट्टीवाला.

आणि तो फोनच्या खिशात ठेवू नका. फोनच्या चुंबकाजवळ राहून सुई उलटी चुंबकित होते आणि उत्तरेऐवजी दक्षिण दाखवते, असे प्रकार झालेले आहेत. निघण्याआधी स्टेशनवरच उत्तर तपासून बघा, दहा सेकंदांचं काम आहे.

अपवाद: स्काय बेटावरचे कुलिन डोंगर. तिथल्या गॅब्रो खडकात चुंबकीय खनिज आहे, सुई जागोजाग भरकटते. तसंही कुलिनची मुख्य धार ढगात एकट्याने करायची जागा नाही.

९. ढगात प्रत्यक्ष चालायचं कसं?

सुरुवात ढगात शिरण्याआधीच होते. कोडं घालत नाही, पद्धतच ती आहे. ढगाची खालची कड डोक्यावर आली की थांबा, नकाशा काढा, आपण उभे आहोत तिथे बोट ठेवा आणि तिथून पुढची पक्की खूण ठरवा. 'वर जात राहू, कळेलच' या बेताने शिरलात तर पुढचं काही कामाला येत नाही.

बेन डोरेनचंच घ्या. स्टेशनच्या खालच्या भुयारी वाटेने पलीकडे निघालं की पायवाट ओढ्याच्या कडेकडेने द्रोणासारख्या खोऱ्यात चढते. ओढा सोबतीला आहे तोवर ढगातही चुकणं कठीण. मग खिंड लागते. इथून डावीकडे, उत्तरेला, बेन अन डोहे, उजवीकडे, दक्षिणेला, बेन डोरेन. इथे थांबून कंपास दक्षिणेच्या दिशेला लावायचा, कारण ढगात सगळे उतार सारखेच दिसतात. वर कातळाचे टप्पे संपले की रुंद, मऊ गवताचा खांदा येतो. इथे वाट पुसट होते आणि इथेच लोक भरकटतात.

अशा जागी अंतर मोजत जायचं. उजवा पाय किती वेळा टेकला की १०० मीटर होतात ते गावातल्या सपाट रस्त्यावर मोजून ठेवा, बहुतेकांचे साठ ते सत्तर येतात. चढावर जास्त लागतात. नकाशावर खांदा ४०० मीटर दिसतोय आणि तुमचे ५०० झाले, तर काहीतरी चुकतंय, थांबा. दुसरा पुरावा उताराचा. पायाखालचा उतार कुठल्या दिशेला पडतोय ते कंपासने बघा आणि नकाशावरच्या समान उंचीच्या रेषांशी ताडून बघा. उत्तरेला पडायला हवा तो पश्चिमेला पडत असेल, तर दृष्टी शून्य असूनही तुम्हाला कळलेलं असतं की तुम्ही धारेवरून ढळलात.

मग दगडांची रास दिसते. लोक फोटो काढतात, मागे फिरतात. तो माथा नाही. खरा माथा पुढे, एक छोटी खळगी उतरून, दक्षिणेला आणखी सुमारे २०० मीटरवर आहे. वळताना मात्र कुठूनही वळा, कंपास उत्तरेला फिरवल्याशिवाय पाऊल टाकू नका. परतताना डाव्या हाताला, पश्चिमेला, उतार थेट रेल्वेकडे कोसळतो. खाली रूळ असल्याचं माहीत असतं, गाडीचा आवाजही येतो, आणि 'इथूनच उतरू' असा मोह होतो. तो उतार पाणघळींनी कोरलेला आणि तीव्र आहे. खिंडीतूनच उतरायचं.

१०. एकटा जातोय, तर कोणाला काय सांगून जायचं?

इथेच राहणाऱ्या एका माणसाला. रूममेट, होस्टेलचं काउंटर, कोणीही. कुठला डोंगर, कुठून चढणार, कुठून उतरणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं, एवढं लिहून द्या. पुण्यात आईला सांगणं वेगळं, ते सांगाच. पण तिला तिथून इथला ९९९ लागणार नाही, ती फक्त रात्रभर जागेल. बेत बदलला तर रेंज असेपर्यंत कळवा. आणि खाली आल्यावर 'आलो' म्हणून निरोप न टाकणारे लोक निष्कारण शोधमोहिमा काढायला लावतात.

११. काय घालू आणि खायला काय नेऊ?

जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी. पातळ लोकरी किंवा सिंथेटिक थर, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, आणि पावसाची पँटसुद्धा. ती लोक विसरतात. पोंचो वाऱ्यात तोंडावर उलटतो, छत्री तर विसराच. टोपी आणि हातमोजे जुलैतही, हातमोज्यांचे दोन जोड. सॅकमध्ये एक जाड कोरडा थर असा ठेवा जो चालताना कधीच घालायचा नाही, थांबलात तरच. त्याशिवाय हेडलाइट, शिट्टी आणि आत शिरून बसता येईल अशी प्लास्टिकची मोठी नारिंगी पिशवी.

ठेपले आणि चिक्की यांना तोड नाही. दोन्ही हातमोजे घालून खाता येतात.

१२. मुलीने एकटीने जावं का?

जावं. अनेक जणी जातात आणि डोंगरावर त्याचं कोणाला नवल वाटत नाही. धोका माणसांचा नव्हे, हवेचा आणि वाट चुकण्याचा आहे, आणि तो सगळ्यांना सारखा. प्रश्न १० तेवढा काटेकोर पाळा.

१३. एप्रिल-मेमध्ये चालेल का? बर्फ असतो?

वरच्या उत्तर बाजूंना मेमध्येही असतो. माथ्याच्या कडेला वाऱ्याने पुढे आलेले बर्फाचे छज्जे उरलेले असतात, आणि ढगात पांढरा छज्जा व पांढरी हवा यातला फरक डोळ्याला कळत नाही. हिवाळ्यात बर्फाची कुऱ्हाड, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे काटे) आणि ते वापरायचं शिक्षण हवं, शिवाय हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचे रोजचे अहवाल वाचायला हवेत. पहिला हिवाळा एकट्याने नको. आव्हीमोरजवळ ग्लेनमोर लॉज ही राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे. तिथे हिवाळ्याचे आणि नुसत्या नकाशा-कंपासचेही वर्ग असतात.

१४. हरवलोच तर? आणि मदत कशी बोलवायची?

आधी थांबा, कोरडा थर चढवा, काहीतरी खा. हरवल्याचं कळल्यावर माणूस वेग वाढवतो आणि आणखी लांब जातो. मग फोनवर जागा बघा. फोन गेला असेल तर शेवटची पक्की खूण कुठली होती आणि त्यानंतर किती मिनिटं चाललो ते आठवा. परत त्या खुणेपर्यंत जाता येत असेल तर तेच करा, पुढे नवी वाट शोधू नका. घळीतून ओढ्यामागे उतरणं तर नकोच, घळी धबधब्यांत संपतात. चुकीच्या पण सोप्या दरीत सुखरूप उतरलात, तर ते टॅक्सीच्या खर्चावर निभावतं.

जखम किंवा थंडीने हातपाय गळाले असतील तर ९९९ किंवा ११२, आधी 'पोलीस' मागा, मग 'माउंटन रेस्क्यू'. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून हा कॉल लागू शकतो. इथलं सिम असेल तर ९९९ ला इंग्रजीत 'रजिस्टर' असा एसएमएस घरूनच पाठवून नोंदणी करून ठेवा, म्हणजे बोलण्याइतकी रेंज नसली तरी मेसेज जाऊ शकतो. नकाशावरची ग्रिडची अक्षरं आणि आकडे सांगा. रेंजच नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

बचाव पथकातले लोक स्वयंसेवक असतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. रुग्णालयाचा खर्च वेगळा, म्हणून पर्यटकांनी विमा काढावा आणि त्यात डोंगरात चालणं धरलंय का ते वाचावं.

१५. बेन नेव्हिसला तर हजारो लोक जातात. तो पहिला का नको?

वाट मोठी आहे, १८८३ मध्ये माथ्यावरच्या वेधशाळेसाठी घोड्यांची म्हणून बांधलेली. गोची माथ्यावर आहे. सपाट दगडी पठार, एका हाताला उत्तरेचे कडे, दुसऱ्या हाताला फाइव्ह फिंगर गली नावाची घळ, आणि मधून जायची चिंचोळी दिशा. तिथे ढग नसलेला दिवस दुर्मीळ. ढगात परतायची दिशा पाठ नको, लिहून ठेवा: माथ्यावरच्या सर्व्हेच्या खांबापासून ग्रिड बेअरिंग (नकाशावरच्या उभ्या रेषांपासून मोजलेली दिशा) २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंश, तीव्र उतार उतरून नागमोडी वाट लागेपर्यंत. ग्रिड आणि चुंबकीय उत्तरेतला फरक सध्या थोडा आहे, तो नकाशाच्या कडेला छापलेला असतो. हे मोजून चालता येत नसेल तर माथा ढगाबाहेर असेल त्या दिवशी जा.

१६. ढगात पुढे माणसं दिसली. त्यांच्या मागे जाऊ का?

आधी विचारा. 'कुठे निघालात?' एवढं विचारण्यात कमीपणा नाही. बेन डोरेनच्या खिंडीत दिसलेला गट शेजारच्या डोंगराला निघालेला असू शकतो, किंवा तेही कुणाच्या मागे निघालेले असू शकतात. सोबत चाललात तरी आपला नकाशा हातात, आपलं मोजणं चालू.

१७. ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये शिकार चालते म्हणतात. गोळी लागेल का?

नर हरणांच्या शिकारीची धामधूम ऑगस्टपासून २० ऑक्टोबरपर्यंत असते. गोळीपेक्षा प्रश्न सौजन्याचा आहे. तुम्ही भलत्या उतारावरून गेलात तर हरणं उधळतात आणि कुणाचा दिवस बुडतो. सुरुवातीच्या फाटकावरची पाटी वाचा, रुळलेली वाट आणि धार धरा. रविवारी सहसा शिकार होत नाही.

१८. मिज आणि गोचिडींचं काय?

मिज म्हणजे चिलटापेक्षा बारीक चावरे कीटक, जून ते सप्टेंबर, वारा पडला की झुंडीने. वर वाऱ्यात त्रास नाही, खाली बस थांब्यावर आहे. डोक्यावरून घ्यायची जाळी घ्या. गोचिडी जास्त गंभीर, त्यांच्यातून लाइम रोग होऊ शकतो. घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघा, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. नंतर गोल लाल चट्टा पसरला तर डॉक्टर.

१९. ढगात माझीच भलीमोठी सावली दिसली, डोक्याभोवती रंगीत कडं. हे काय?

तुम्ही नशीबवान. पाठीशी कललेलं ऊन आणि समोर खाली ढग असला की असं दिसतं. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसतं तेच इंद्रवज्र. बेन नेव्हिसच्या वेधशाळेत सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन यांनी ते पाहिलं, प्रयोगशाळेत तसा ढग बनवायच्या मागे लागले, त्यातून सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणारी मेघपेटी निघाली आणि १९२७ चं नोबेल मिळालं.

सावली बघायला कड्याच्या टोकाकडे सरकत जाऊ नका, एवढंच. केर्नगॉर्म भागातल्या बेन मॅकडुई डोंगरावर मागे कुणाची तरी पावलं वाजतात ही नॉर्मन कॉली यांनी १९२५ मध्ये सांगितलेली गोष्टही विचारली जाते. कॉली पट्टीचे गिर्यारोहक, १८९५ च्या नंगा पर्वत मोहिमेत होते, आणि तरी त्या ढगातून पळत सुटले होते. एकट्याला ढगात आवाज येतातच. बहुधा स्वतःच्या जॅकेटच्या टोपीचे.

२०. परतीच्या वाटेवर ओढा फुगलाय आणि शेवटची गाडी तासाभरात आहे. काय करू?

गाडी सोडा. सकाळी बुटाचा तळवा भिजवणारा ओढा दुपारच्या पावसाने मांडीपर्यंत येतो, आणि एकट्याला धरायला कोणी नसतं. वरच्या अंगाला, जिथे तो फाटे फुटून लहान होतो तिथून वळसा घाला किंवा पूल गाठा, मग तास-दोन तास जास्त लागोत. पाऊस थांबल्यावर हे ओढे तितक्याच लवकर उतरतातही. प्रश्न १० मध्ये ज्याला वेळ देऊन ठेवली आहे त्याला रेंज मिळताच उशिराचं कळवा, आणि रात्री राहायला एखादं होस्टेल किंवा दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी बघून ठेवलेली असू द्या.